महाह्रदावरील धूर

न्यायशास्त्राच्या नवशिक्या विद्यार्थ्याला पहिल्याच पाठात ज्या तीन स्थळांची ओळख करून दिली जाते, ती म्हणजे पर्वत, स्वयंपाकघर आणि महाह्रद. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, असे अनुमान करावयाचे. स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी यांचे साहचर्य आपण नित्य पाहिलेले असते, म्हणून ते या अनुमानाला अनुकूल दृष्टान्त, म्हणजे सपक्ष. आणि महाह्रदात, म्हणजे विस्तीर्ण जलाशयात, अग्नी नाही हे निश्चित असल्यामुळे तेथे धूरही नाही, म्हणून तो विपक्ष. आंध्र देशीच्या अन्नंभट्टाने सतराव्या शतकात 'तर्कसंग्रह' रचला तेव्हा, आणि यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांनी १८९७ साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत त्याची सटीप आवृत्ती काढली तेव्हाही, या तिसऱ्या उदाहरणाविषयी शंका घेण्याचे कोणास काही कारण नव्हते. पाण्यावर आग पेटत नाही, इतके ते उघड होते.

ते कारण आता उत्पन्न झाले आहे. ज्या सरोवराला आपल्या तार्किकांनी अग्निशून्यतेचा निर्विवाद नमुना म्हणून निवडले, त्याच सरोवराच्या पृष्ठभागावर आज सहलीच्या यांत्रिक नौका फिरतात, प्रत्येकीच्या पोटात अग्नी असतो, आणि तिच्या मागे धूर असतो किंवा असावा. 'असावा' हा शब्द मी बुद्ध्याच वापरला आहे. कारण या नौकांपासून हवेत किती दूषित द्रव्य मिसळते, हे कोणी पाहून सांगत नाही, ते अंदाजाने ठरवितात. आणि अंदाजाने ठरलेल्या दोषाचे उत्तरदायित्व मनुष्यावर येते की नाही, हा प्रश्न मला केवळ यंत्रशास्त्राचा वाटत नाही. तो प्रमाणशास्त्राचा आहे आणि धर्मशास्त्राचाही आहे.

हा विचार बेल्यासारख्या ठिकाणी बसून करणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल. बेला हे आदिलाबाद जिल्ह्यातील मंडलाचे गाव, पैनगंगेच्या अलीकडचे, काळ्या कपाशीच्या जमिनीचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत याच जिल्ह्याचा राजुरा तालुका मुंबई राज्याकडे गेला आणि पुढे महाराष्ट्रात राहिला. बेला मात्र जेथे होते तेथेच राहिले, आणि घरांतली व बाजारातली मराठीही तशीच राहिली. नदीवर जेथे पूल नाही तेथे पैलतीराला जाण्याचे साधन म्हणजे डोंगा. तो बांबूने ढकलावयाचा किंवा वल्ह्याने हाकावयाचा, आणि त्यातून निघणारा उत्सर्ग म्हणजे नावाड्याचा श्वास. धूर म्हणून येथल्या माणसाला जो ठाऊक आहे तो आदिलाबादहून बेल्यावरून कोरपन्याकडे जाणाऱ्या मालमोटारींचा, पऱ्हाट्या पेटविल्याचा, आणि नदीपलीकडे गडचांदुराच्या बाजूच्या सिमेंटच्या कारखान्यांचा. करमणुकीची यांत्रिक नौका या मुलखात नाही. परंतु ज्या वस्तूपासून आपल्याला लाभही नाही आणि जिच्याशी वैरही नाही, तिच्याविषयी निर्णय देण्यास ती वस्तू नसलेले गावच अधिक योग्य, असे मला वाटते; फिर्यादी आणि आरोपी यांपैकी कोणीच नसलेल्या माणसाला पंच नेमण्याची आपल्याकडे रीतच आहे.

तशी ओळख अगदीच नाही असेही नव्हे. बेल्याचा माणूस दवाखान्याच्या, कोर्टकचेरीच्या किंवा मुलाच्या परीक्षेच्या निमित्ताने हैदराबादेस जातो, आणि काम आटोपल्यावर संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन हुसेनसागरावर जातो. सोळाव्या शतकात कुतुबशाहीत बांधलेला हा तलाव. त्याच्या मध्यभागी खडकावर ५८ फूट उंचीची एकाश्म बुद्धमूर्ती उभी आहे. १९९० च्या मार्चमध्ये ती मूर्ती नेत असताना तराफा कलंडून ती तळाशी गेली, माणसे दगावली, आणि १९९२ च्या डिसेंबरात ती वर काढून तिच्या स्थानी उभी करण्यात आली. लुंबिनी उद्यानाच्या धक्क्यावरून या मूर्तीकडे जाण्यासाठी तिकीट काढून लाँचमध्ये बसावे लागते. ज्यांना वेगाची हौस आहे त्यांच्यासाठी स्पीड बोटी असतात. तृष्णेचा क्षय सांगणाऱ्या तथागताच्या दर्शनाला डिझेल जाळून जावे लागते, यात काही विनोद आहे. पण तो विनोद करून थांबणे हे आळशीपणाचे होईल. प्रश्न असा आहे की त्या फेरीत जळालेल्या इंधनाचा हिशेब कोणत्या प्रमाणाने करावयाचा?

प्रत्यक्ष हे प्रमाण येथे फारसे उपयोगी पडत नाही. नौकेच्या मागे बसविलेल्या सुट्या यंत्राचा धूर बहुधा पंख्याच्या मध्यातून पाण्याखाली सोडलेला असतो. आवाज दबावा ही त्यातली योजना. त्यामुळे डोळ्यांना बुडबुडे दिसतात, नाकाला वास येतो, पण त्या धुरातला कोणता अंश हवेत गेला आणि कोणता पाण्यात विरला, हे काठावरच्या माणसाला सांगता येत नाही. प्रत्येक नौकेच्या मागे मापनयंत्र घेऊन फिरणे शक्य नाही. म्हणून या विषयातले लोक गुणाकार करतात: नौका किती, त्यांच्या यंत्रांची अश्वशक्ती किती, त्या शक्तीपैकी सरासरी किती वापरली जाते, वर्षातून किती तास यंत्र चालते, आणि दर अश्वशक्ती-तासामागे किती ग्रॅम दूषित द्रव्य बाहेर पडते. या पाच राशींचा गुणाकार म्हणजे वर्षाचा उत्सर्ग. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सहलीच्या नौकांसाठी हीच पद्धती वापरली.

आता तार्किकाच्या दृष्टीने पाहिले तर येथे एक मोठे विपरीत घडले आहे. आपले अनुमान धुरावरून अग्नीकडे जात होते. हे अनुमान अग्नीवरून धुराकडे जाते. आणि हा उलटा मार्ग सदोष आहे हे नैयायिकांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. धूर असेल तेथे अग्नी असतोच, पण अग्नी असेल तेथे धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. मग अग्नीपासून धूर निघतो तरी केव्हा? ओल्या इंधनाचा संयोग झाला म्हणजे. या ओल्या इंधनाच्या संयोगाला त्यांनी उपाधी म्हटले: जेथे जेथे धूर आहे तेथे तेथे ती आहे, परंतु जेथे जेथे अग्नी आहे तेथे तेथे ती नाही. ही उपाधी न सांगता जो कोणी 'अग्नी आहे, म्हणून धूर आहे' असे म्हणेल, त्याचा हेतू दुष्ट समजावा, असा निर्णय त्यांनी दिला. सहलीच्या नौकांच्या उत्सर्गाचे सारे शास्त्र या एका उपाधीच्या शोधाचा विस्तार आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कारण यंत्रायंत्रांत पराकाष्ठेचा भेद आहे. जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक यंत्रात जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम नव्याने आत येणारे इंधनच करते, आणि ते करताना त्यातला २५ ते ३० टक्क्यांपर्यंतचा भाग न जळताच बाहेर निसटतो. त्याच शक्तीच्या फोर-स्ट्रोक यंत्रात झडपा आपापल्या वेळी उघडतात व मिटतात, आणि ही नासाडी बहुतांशी टळते. दोन्ही नौका सारख्याच दिसतात, सारख्याच धावतात, तिकीटही सारखेच असते. पण पहिली नौका जेवढे पेट्रोल जाळते त्याच्याखेरीज बरेचसे नुसतेच ओतते. म्हणूनच अमेरिकेने १९९६ साली अशा यंत्रांसाठी नियम केले ते मुख्यतः न जळलेल्या हायड्रोकार्बनांवर रोख ठेवून. आणि तेथल्या टाहो सरोवरावर कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक यंत्रांना १ जून १९९९ पासून मज्जाव करण्यात आला. तेथल्या अधिकाऱ्यांनी अन्नंभट्टाचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. पण त्यांनी जे केले ते हेच: अग्नीला दोष न देता उपाधीला दोष दिला.

तथापि उपाधी केवळ यंत्रात नसते, ती वापरातही असते, आणि येथे परदेशी कोष्टके जशीच्या तशी उचलणाऱ्याची फसगत होते. अमेरिकी पद्धतीत सुट्या यंत्राच्या सहलीच्या नौकेसाठी वर्षाला सुमारे ३५ तासांचा वापर आणि पूर्ण शक्तीच्या २१ टक्के भार धरलेला आहे. हे आकडे त्या देशासाठी खोटे नाहीत. तेथे नौका एका कुटुंबाच्या मालकीची असते, ती वर्षाचा बहुतेक काळ छपराखाली पडून राहते, आणि उन्हाळ्याच्या काही रविवारी पाण्यात उतरते. आपल्याकडे नौका भाड्याची असते. समजा, एखादी नौका दिवसाला सहा तास आणि वर्षाला ३०० दिवस चालली, तर ते १८०० तास झाले, म्हणजे त्या सरासरीच्या पन्नासपटीहून अधिक. तेव्हा ज्या कारकुनाने परदेशी कोष्टकातला तासांचा आकडा लिहून आपल्या तलावाचा उत्सर्ग काढला, त्याने गुणाकार बिनचूक केला असूनही खोटी साक्ष दिली. उलट, केवळ नौकांची संख्या पाहून भयंकर आकडा छापणाराही तितकाच दोषी.

या सर्व अनिश्चिततेत एक राशी मात्र अव्यभिचारी आहे. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो, हवेतला प्राणवायू त्यात मिळतो म्हणून हे वजन इंधनाच्या वजनाहून जास्त भरते. टू-स्ट्रोक यंत्रातून न जळता निसटणारा भाग वगळला तर येथे यंत्र जुने की नवे, चालक निष्णात की नवखा, हा भेद फारसा उरत नाही, कारण इंधनातला कार्बन नाहीसा होऊ शकत नाही. काजळी, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि न जळलेले इंधन यांच्या बाबतीत उपाधी विचारावी लागते. येथे इंधनाची पावती पुरते. एकाच धुरातल्या एका द्रव्याविषयी आपले ज्ञान जवळजवळ निश्चयाचे आणि दुसऱ्याविषयी केवळ संभवाचे असते, आणि जो अहवाल या दोहोंना एकाच सुरात सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आपल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. पीक खळ्यावर येण्यापूर्वीच त्याची आणेवारी ठरत असे. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक मानून गावच्या शिवाराचे पीक किती आणे, हे नजरअंदाजाने ठरवावयाचे आणि त्यावर साऱ्याची सूट किंवा तहकुबी अवलंबून ठेवावयाची. नाणी बदलल्यावर तिची पैसेवारी झाली, आणि पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात ती आजही जाहीर होते. ५० पैशांच्या आत आली की टंचाईची ओरड सुरू होते. या अंदाजात चुका होत नव्हत्या असे कोणीच म्हणणार नाही. परंतु अंदाज आहे म्हणून तो टाकाऊ, असे शेतकऱ्याने कधी म्हटले नाही. त्याची तक्रार नेहमी अशी असे की पाहणी करणारा चांगल्या बागाईत तुकड्यावरून माझ्या बरड जमिनीचा अदमास करतो. म्हणजे ज्याला न्यायशास्त्राचे एक अक्षर ठाऊक नव्हते तो शेतकरीही अनुमानाला हरकत घेत नव्हता, उपाधीला घेत होता. आणि हरकत घेण्यासाठी त्याला दप्तरातला कागद लागत असे.

येथपर्यंत प्रमाणाचा विचार झाला. धर्माचा विचार याहून बिकट आहे. लाँचमध्ये बसून बुद्धमूर्तीकडे निघालेल्या कुटुंबाच्या मनात हवा दूषित करण्याचा हेतू नसतो; असतो तो मुलाला आनंद देण्याचा. मग पाप कोणाचे? मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तात हाच वाद आहे. निर्ग्रंथ, म्हणजे जैन, मताचा अनुयायी उपाली असे प्रतिपादन करतो की कायेने घडलेले कर्म सर्वांत गुरुतर. बुद्ध म्हणतो की मनाचे कर्म गुरुतर. धर्मानंद कोसंबींसारख्या मराठी पंडिताच्या परिश्रमामुळे ज्यांना पाली वाङ्मयाची गोडी लागली त्यांना हा प्रसंग परिचित असेल. मूर्ती ज्याची आहे त्याच्या मताप्रमाणे त्या लाँचमधले उतारू निर्दोष ठरतील. महावीराच्या अनुयायाच्या हिशेबी न पाहिलेल्या, न इच्छिलेल्या हिंसेचाही अंश त्यांच्या खाती पडेल.

मला या वादात बुद्धाचा पक्ष मान्य आहे, परंतु त्यापासून जो निष्कर्ष सुखासुखी काढला जातो तो मान्य नाही. हेतू हेच कर्म, असे मानले तर अज्ञान संपताक्षणी हेतूचे स्वरूप बदलते. ज्याला अंदाज सांगितलेला नाही तो निर्दोष आहे. ज्याला सांगितला आणि ज्याने तो विचारात न घेता तीच यंत्रे त्याच तऱ्हेने चालविली, त्याचे कर्म आता अजाणतेपणाचे राहिले नाही, उपेक्षेचे झाले. तेव्हा उत्सर्गाचा अंदाज ही केवळ माहिती नव्हे. ज्याच्या हाती ती पडते त्याची नैतिक अवस्था ती पालटून टाकते. अंदाज काढण्यास अनेक संस्था नाखूश असतात त्याचे खरे कारण खर्च नसून हे असावे, असा मला संशय आहे.

आणि वैदिक परंपरेने तर अंदाजावर प्रायश्चित्त बसविलेलेच आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली हिंसेची पाच स्थाने सांगितली आहेत: चूल, पाटा-जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पंचसूनांत रोज किती मुंग्या आणि किती कीटक मरतात, याची गणना करा असे स्मृतिकाराने सांगितले नाही. घर म्हटले की चूल आली, चूल म्हटली की हिंसा आली, इतके अनुमान त्याला पुरेसे वाटले, आणि त्याने पाच महायज्ञांचे ऋण सरसकट सर्व गृहस्थांवर लादले. न पाहिलेल्या दोषाचे उत्तरदायित्व व्यक्तीच्या इच्छेवर न सोडता कृतीच्या प्रकारावर ठेवण्याची ही रीत मला फार प्रगल्भ वाटते.

पण पंचसूना ही अपरिहार्य कर्मांची यादी आहे, हे विसरून चालणार नाही. चुलीवाचून जगता येत नाही. स्पीड बोटीवाचून येते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माला लागलेल्या दोषाला अग्नीभोवतीच्या धुराची उपमा दिली आहे, आणि तिचा आधार घेऊन 'सगळ्यातच दोष आहे, मग बोटीतच काय' असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांनी तो संदर्भ पुन्हा वाचावा. तेथे प्रश्न सहज प्राप्त झालेले कर्म टाकण्याचा आहे. दोष आहे म्हणून आपले कर्म सोडून पळू नको, असा तो उपदेश. तो पैनगंगेवरच्या नावाड्याला लागू पडेल आणि लाँच हाकणाऱ्या चालकालाही, कारण ती त्याची उपजीविका आहे. तिकीट काढून वेगाची मौज लुटणाऱ्याला तो लागू करणे म्हणजे अर्जुनाच्या रथात सहलीसाठी जागा मागणे होय. करमणूक निषिद्ध आहे असे मी म्हणत नाही. करमणुकीवाचून राहणारा समाज मला सुखी वाटत नाही. परंतु जे कर्म ऐच्छिक आहे त्याच्या कर्त्याने आपल्या दोषाचा हिशेब आपण होऊन दिला पाहिजे, आणि अनिश्चिततेचा फायदा स्वतःकडे न घेता समोरच्याला दिला पाहिजे. उपजीविकेच्या कर्माला संशयाचा फायदा मिळावा, क्रीडेच्या कर्माला नव्हे.

यावर एक आक्षेप असा येईल, आणि तो अगदीच पोकळ नाही, की शहरातल्या लाखो मोटारींपुढे तलावावरच्या मूठभर नौका म्हणजे काय? एकूण बेरजेत त्यांचा अंश नगण्यच असेल. असेल. पण नगण्य आहे हेदेखील गणल्यानंतरच म्हणता येते, आणि धूर शहराच्या सरासरीत कितीही थोडा असला तरी धक्क्यावर दिवसभर तिकिटे फाडणाऱ्याच्या आणि यंत्राशेजारी बसणाऱ्या चालकाच्या नाकात तो सरासरीने जात नाही. शिवाय मोटारींना भारत स्टेजची मानके लागली, १ एप्रिल २०२० पासून सहाव्या पायरीची. रस्त्यावरच्या यंत्राला परीक्षा द्यावी लागते, तेव्हा पाण्यावरच्या यंत्राने केवळ ते मौजेचे आहे म्हणून ती चुकवावी, हे न्यायाचे नव्हे.

उपायही काही दुर्लभ नाही. केरळात वायकोम आणि तवणक्कडवू यांच्या दरम्यान 'आदित्य' नावाची सौरशक्तीची नौका जानेवारी २०१७ पासून उतारूंची ने-आण करीत आहे, आणि कोचीत २०२३ पासून विजेच्या नौका धावतात. त्यांची वीज कोठून येते हा प्रश्न उरतोच. परंतु सरोवर पुन्हा विपक्षाच्या कोटीत बसू शकते, एवढे त्यांनी दाखवून दिले आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यात यंत्रचालित नौकांची नोंदणी आणि प्रदूषणप्रतिबंध या दोहोंच्या तरतुदी आहेत. म्हणजे नौका किती आणि यंत्र कोणते, या दोन राशी दप्तरात आणण्याचा मार्ग आहे. इंधन किती, हे पावत्यांवरून कळेल. तास किती, हे तिकिटांच्या गल्ल्यावरून.

बेल्याच्या वाचकाला हे सांगण्याचे कारण असे की २०१६ च्या ऑगस्टमध्ये तेलंगण आणि महाराष्ट्र या दोन सरकारांमध्ये करार होऊन पैनगंगेवर चनाखा-कोरटा येथे बंधारा उभा राहिला आहे, आणि जेथे पाणी अडते तेथे आज ना उद्या सहलीची नौका येते. ती येईल तेव्हा तिला विरोध करू नका. पण धक्क्यावर तिकिटाच्या दराशेजारी यंत्राचा प्रकार, महिन्याचे चाललेले तास आणि महिन्याचे जळालेले इंधन यांचा फलक लावावा, अशी लेखी मागणी पंचायतीच्या ठरावाने पहिल्याच दिवशी करा, आणि तो फलक लागेपर्यंत तिकीट काढू नका.